राखणे आणि रोखणे : अश्वशर्यतीतील स्वाराचे कालभान

घोड्यांची शर्यत हा निव्वळ दैवाचा नव्हे, तर प्राधान्याने कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय नवी दिल्लीतील सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली लक्ष्मणन खटल्यात दिला. घोड्याच्या तालमीबरोबरच जॉकीच्या कसबाचाही त्यात विचार झाला. हे कसब मुख्यतः वेळ साधण्याचे आहे.

मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावरील इंडियन डर्बी २४०० मीटरांची असते. घोड्याचा ऐन भरधाव वेग मात्र काहीशे मीटरच टिकतो. म्हणून शर्यत म्हणजे शक्तीची वाटणी होय. आरंभीच शक्ती उधळली, तर अखेरच्या फर्लांगात घोडा ढेपाळतो. फार राखली, तर ती खर्च होण्यापूर्वीच शर्यत संपते. इतरांच्या आडोशाने धावल्यास वाऱ्याचा विरोध कमी होतो, पण पुढे वाट न मिळण्याचे भय असते. बाहेरची वाट मोकळी, परंतु वळणावर अंतर वाढते.

१९८६ च्या दोन शर्यती या दृष्टीने उद्बोधक आहेत. इंग्लंडमधील एप्सम डर्बीत डान्सिंग ब्रेव्ह हा घोडा अखेरच्या वळणावर बराच मागे होता. सरळ पट्ट्यात तो झेपावला, तरी शहरस्तानीपेक्षा अर्धी लांबी मागेच राहिला. उशिराचा ठपका स्वार ग्रेव्हिल स्टार्की यांच्यावर आला. ऑक्टोबरात पॅरिसच्या आर्क द त्रियोंफ शर्यतीत पॅट एडरी यांनीही त्याच घोड्याला मागे राखले, आणि अखेरीस बाहेरून आणून दीड लांबीने जिंकविले. एप्समची वाट वळणाकडे उतरते व तेथे घोड्याचा तोल ढळला होता. पॅरिसला तशी अडचण नव्हती. तात्पर्य, मागे राहणे हा स्वतः गुणही नव्हे, दोषही नव्हे. जमीन, पुढच्यांचा वेग आणि घोड्याची उरलेली शक्ती यांच्याशी त्याचा मेळ बसावा लागतो.

येथेच मराठीतील 'राखणे' आणि 'रोखणे' यांमधील भेद उपयोगी पडतो. राखलेली शक्ती पुढे वापरण्यासाठी असते; रोखलेला घोडा जिंकूच नये असा हेतू असतो. प्रेक्षकाला दोन्ही वेळा ताणलेला लगामच दिसतो. म्हणूनच संशय आल्यास पंच चौकशी करतात, आणि स्वाराची अब्रू त्या एका स्वराच्या फरकावर तोललेली राहते.