हवेतून येणारे इंधन

मुकुटबनच्या रस्त्यावर सकाळी उभे राहिले, की भरलेली गाडी कोणती आणि रिकामी कोणती हे मान न वळवताही कळते. रिकामा टिप्पर खडखडत जातो. भरलेला कण्हतो, आणि थांब्यावरून उचलताना सायलेन्सरमधून काळ्या धुराचा एक लोट टाकतो. झरी जामणी तालुक्यातले हे गाव कोळसा आणि चुनखडीच्या पट्ट्यात बसले आहे. मार्कीच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत. बिर्ला कॉर्पोरेशनच्या आरसीसीपीएल कंपनीचा, वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना २०२२ साली इथे सुरू झाला. माजरी-आदिलाबाद लोहमार्गावरचे स्टेशनही गावात आहे. तरीही बराच माल चाकांवरून, म्हणजे डिझेलवर, हलतो. इथे डिझेलचा भाव हा ट्रकमालकाच्या घरातला प्रश्न आहे. त्यामुळे डिझेल इंजिनला थोडा एलपीजी पाजला तर पिकअप वाढतो आणि ॲव्हरेजही सुधारते, ही गोष्ट कानावर आली की माणूस थांबून ऐकतो.

ती गोष्ट खोटी नाही. तिच्यात खरे किती, हे समजायचे तर त्या काळ्या धुरापासून सुरुवात करावी लागते.

पेट्रोलच्या इंजिनात इंधन आणि हवा आधी मिसळतात, मग ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. पिस्टन नुसती हवा दाबतो, ती भयंकर तापते आणि अखेरच्या क्षणी नोझलमधून डिझेलचा फवारा तिच्यात उडतो. फवारा पेटतो खरा, पण त्याच्या प्रत्येक कणाला हवा शोधायला सेकंदाच्या काही सहस्रांश भागाइतकाच वेळ मिळतो. सिलिंडरच्या कडेकोपऱ्यातली हवा तशीच राहते, आणि फवाऱ्याच्या गाभ्यातले डिझेल हवेअभावी काजळी होऊन बाहेर पडते. म्हणून डिझेल इंजिनला त्याच्या वाटणीची सगळी हवा कधीच वापरता येत नाही. पंपाची मात्रा वाढवली तर एका मर्यादेनंतर ताकद वाढत नाही, फक्त धूर वाढतो. जुन्या मिस्त्रींना हे पुस्तक न वाचता ठाऊक असते.

एलपीजी नेमका इथे कामी येतो. एअर फिल्टरच्या पुढे, इनटेकच्या नळीत थोडा गॅस सोडला, की तो हवेत मिसळूनच सिलिंडरमध्ये शिरतो आणि त्या उरलेल्या कोपऱ्यांतही पोहोचतो. तो आपणहून पेटत नाही. डिझेल २५० अंशांच्या आतच स्वतःहून पेट घेते, प्रोपेनला साधारण ४७० अंश लागतात. म्हणून पेटवण्याचे काम डिझेलचा फवाराच करतो. दिवाळीत एका पणतीवर दुसऱ्या लावाव्यात, तशी ही ज्योत गॅसमिश्रित हवेत पसरत जाते. वाया जाणारी हवा कामाला लागते, धूर घटतो आणि भरलेली गाडी जाणवण्याइतकी हलकी वाटते. ऑस्ट्रेलियात लांब पल्ल्याच्या ट्रकांवर अशी किट अनेक वर्षे वापरात आहेत.

आपल्याकडेही ही कल्पना नवी नाही. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३३ साली देशातले पहिले डिझेल इंजिन तयार झाले, आणि पुढे किर्लोस्करांच्या इंजिनांनी महाराष्ट्रातल्या विहिरी उपसल्या. त्याच किर्लोस्करांनी गोबरगॅसवर चालणारी दुइंधनी इंजिनेही काढली. गॅस हवेच्या वाटेने, डिझेल नोझलच्या वाटेने. अशा इंजिनात डिझेलची बचत ८० टक्क्यांपर्यंत जाते. मग एलपीजीच्या बाबतीत जाणकार १५-२० टक्क्यांपाशीच हात का आखडतात? गोबरगॅसमधला मिथेन दाब आणि उष्णता फार सोसतो, शिवाय त्याच्यासोबत येणारा कार्बन डायऑक्साइड आगीचा वेग आवरून धरतो. प्रोपेन आणि ब्युटेन त्या मानाने उतावळे. मिश्रण दाट झाले की ज्योत पोहोचण्याआधीच ते जागच्या जागी भडकते, आणि इंजिनातून कोणीतरी आत हातोडी मारत असल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आल्यावरही गॅस चालू ठेवला, तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडायला किंवा हेड गॅस्केट जायला एक मोठी खेप पुरते. विदर्भातल्या मे महिन्यात आत येणारी हवाच आधीपासून तापलेली असते, म्हणून इथे मात्रा आणखी जपून धरायला हवी.

उलट टोकही तितकेच महत्त्वाचे. गाडी उभी असताना, इंजिन नुसते धपधपत असताना, गॅस इतका विरळ असतो की ज्योत त्यातून पुढे सरकत नाही. तो न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. पैसे हवेत जातात आणि प्रदूषणही वाढते. शिवाय डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेवर सहसा झडप नसते. इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर डिझेल कमी करू शकतो, बाहेरून सोडलेला गॅस त्याच्या ताब्यात नसतो. म्हणून चांगल्या किटमध्ये लोड आणि फेरे मोजणारे सेन्सर असतात. गाडी ओझ्याखाली आली की गॅस सुरू, पाय उचलला की बंद. त्यांच्याशिवाय रबरी नळी आणि तोटी लावून केलेली जोडणी ही खेळायची गोष्ट नव्हे.

रेल्वेने हाच प्रयोग रीतसर केला. १४ जानेवारी २०१५ रोजी, रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या हस्ते, रेवाडी-रोहतक मार्गावर देशातली पहिली डिझेल-सीएनजी डेमू गाडी सुरू झाली. तिच्या १४०० अश्वशक्तीच्या इंजिनात कमिन्सने बदल केले होते, आणि तत्त्व हेच, हवेतून गॅस देण्याचे. कोल इंडिया वर्षाला ४ लाख किलोलिटरहून अधिक डिझेल जाळते. तिने २०२१ साली गेल आणि बीईएमएल यांच्याशी करार करून महानदी कोलफील्ड्समधल्या १०० टनी डंपरांवर एलएनजीचे किट बसवून पाहण्याचे काम हाती घेतले. वणी परिसरातल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी याच कोल इंडियाच्या. दोन्ही ठिकाणी निवडलेला गॅस मिथेनप्रधान होता, ही बाब मला बोलकी वाटते.

रस्त्यावरच्या गाडीला कायद्याची चौकट आहे. वाहनात एलपीजी वापरायला आपल्याकडे २००० साली मान्यता मिळाली, पण ती ऑटो एलपीजीला, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांनी तपासलेल्या किटला आणि आरसी बुकात नोंद झालेल्या बदलाला. घरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडर केबिनमागे बांधणे हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी ते कोणाला करू दिले नसते. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, केबिनच्या तळाशी साचतो. हवेत जेमतेम दोन टक्के झाला की ठिणगीची वाट पाहतो. चालक त्याच केबिनमध्ये झोपतो.

आता पैशांचे. विकणारे सांगतात, गॅसमुळे डिझेल पूर्ण जळते म्हणून ॲव्हरेज वाढते. सुस्थितीतले डिझेल इंजिन एरवीही ९८ टक्क्यांच्या वर इंधन जाळते. तिथे वाचवायला फारसे उरलेलेच नाही. मिळणारी जादा ताकद ही जादा इंधनाची ताकद असते. एका लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल उष्णता, एका किलो एलपीजीत ४६. म्हणजे एक किलो गॅस सव्वा लिटर डिझेलच्या किंचित वर. गॅसचा किलो सव्वा लिटर डिझेलपेक्षा जितका स्वस्त, तितकीच बचत.

मुकुटबनात कोळसा काट्यावर चढतो, सिमेंट चढते, गाडी रिकामी आणि भरलेली दोन्ही वेळा चढते. गॅसचे मात्र वजन कोणी करत नाही. समजा, एका गाडीला १६० किलोमीटरला ४० लिटर डिझेल लागत होते. किट लावल्यावर ३३ लिटर लागले. मालक म्हणतो, ॲव्हरेज ४ वरून पावणेपाचच्या पुढे गेले. पण त्याच वाटेवर टाकीतला साडेपाच किलो गॅसही संपला आहे, आणि साडेपाच किलो गॅस म्हणजे सात लिटर डिझेल. तेहतीस आणि सात, चाळीसच.

म्हणून किट लावलेच, तर पहिला आठवडा मोजणीला द्यावा. तीच गाडी, तोच चालक, तेवढेच टन, मुकुटबन ते वणी. पाच खेपा गॅस बंद ठेवून, पाच सुरू ठेवून. दर खेपेला डिझेल टाकी काठोकाठ भरून लिटर लिहायचे, गॅस भरल्याच्या पावत्या जपायच्या आणि लिटरांचे किलो करताना अर्ध्याहून थोडे जास्त धरायचे. वहीत दोन रकाने पुरतात. एअर फिल्टर त्याआधी झाडून घ्यावा आणि नोझल तपासून घ्यावेत. काळा धूर पुष्कळदा त्यांच्यामुळेच येत असतो, आणि तो घालवायला गॅस लागत नाही.