जुनी पॅलिओ आणि न कापलेली स्प्रिंग

मेकॅनिकलच्या पोराच्या हातात एखादी जुनी पण दमदार छोटी गाडी आली की मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो. "स्प्रिंगचा एक वेढा काप, गाडी खाली बसव, मग बघ कशी वळते ते!" माझ्या मामांच्या २००२ सालच्या फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्सबद्दल हा सल्ला मला निदान पाच जणांनी दिला. त्यातले दोघं आपल्याच वर्गातले आहेत, नावं सांगत नाही!

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅलिओ भारतात २००१ साली आली आणि ती आपल्या मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. १.६ लिटर, १६ व्हॉल्व्हचं इंजिन आणि सुमारे १०० अश्वशक्ती. त्या काळात आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या ५०-६० अश्वशक्तीवर समाधानी होत्या. युरोपात १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने 'हॉट हॅच' नावाचा जो प्रकार लोकप्रिय केला, त्याचा हा आपल्याकडचा अवतार. सचिनच्या सहीची एस-१० आवृत्ती निघाली होती, ती याच गाडीची.

इंजिन अजून ठणठणीत, पण बाकी गाडीचा तालच गेलेला. स्पीडब्रेकरवरून उतरली की होडीसारखी दोन-तीन वेळा डोलायची. ब्रेक दाबला की डावीकडे ओढायची. ताम्हिणी घाटात पावसात मामींनी "थांबवा, मी चालत येते" म्हटल्यावर मामांनी जाहीर करून टाकलं की ही सरळ चालली तर २०२७ ला पासिंग करून घेऊ, नाहीतर भंगारात. म्हणजे आमच्याकडे मुदत होती, बजेट बेताचं होतं आणि ज्यात घरची माणसं बसतात ती गाडी होती.

आता स्प्रिंग का कापायची नाही ते बघू. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा चालू वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे आपण मशीन डिझाइनमध्ये घोकलेलं आहे. पाच वेढ्यांतला एक कापला की कडकपणा सव्वापट होतो. वरवर छान वाटतं! पण डॅम्पिंग रेशोच्या सूत्रात कडकपणा छेदामध्ये वर्गमुळाखाली बसलेला असतो. त्यामुळे शॉकअप तोच ठेवला तर डॅम्पिंग रेशो साधारण ११ टक्क्यांनी घटतो. आधीच थकलेला शॉकअप, त्यात त्याला जास्त काम. वर चाकाची हालचाल कमी उरते आणि गाडी भर वळणावर खड्ड्यात आदळली की बंप स्टॉपवर टेकते. त्या क्षणी त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम कितीतरी पट होतो, पुढच्या बाहेरच्या टायरवर धक्क्याने भार येतो आणि नाक वळणाबाहेर सरकतं. घाटात बाहेर काय असतं ते सांगायला नको.

याहून मजेशीर गोष्ट भूमितीची आहे. पॅलिओच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहे. कागदावर समोरून आकृती काढा. खालच्या आर्मच्या दिशेने एक रेघ, आणि स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगपासून स्ट्रटला काटकोनात दुसरी. दोन्ही जिथे मिळतात तिथून टायर जमिनीला टेकतो त्या बिंदूपर्यंत तिसरी रेघ ओढा. ही रेघ गाडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते तो रोल सेंटर. आता गाडी ३० मिमी खाली घेऊन हीच आकृती पुन्हा काढा. आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं आणि रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. म्हणजे बॉडीला कलवणारी तरफ लांबते! सव्वापट कडक स्प्रिंगमधून जे कमावलं त्यातलं बरंचसं इथेच खर्च होतं. ग्राफ पेपरवर करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. ज्या दोघांचा वर उल्लेख केला ते यानंतर गप्प झाले.

तर मग करायचं काय? आमच्या गॅरेजच्या उस्तादांचं उत्तर एका वाक्यात होतं, "बाळा, आधी जे फाटलंय ते शिव." गाडी जॅकवर घेऊन लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये पहार घालून रेटली, तर रबर धातूपासून अर्धं सुटलेलं. ब्रेक लावताना चाकाला मागे ढकलणारा जोर याच बुशवर येतो. बुश फाटलेलं असलं की आर्म सरकतो, चाकाची दिशा बदलते आणि गाडी एका बाजूला ओढते. डावीकडच्या ओढीचं रहस्य हेच होतं, ब्रेकचा त्यात काहीच दोष नव्हता.

पॉलियुरेथेनचे कडक बुश मिळतात, दिसायलाही भारी लाल-पिवळे असतात. पण ते कंपनं आत आणतात, ग्रीस सुकलं की कुरकुरतात. आपल्या रस्त्यांवर, घरच्या गाडीला, माझं मत साध्या रबराला. मात्र एक गोष्ट अनेक ठिकाणी चुकीची होते, म्हणून नीट सांगतो. रबरी बुशचा बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना पूर्ण आवळायचा नाही. रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, फक्त पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हलका लावा, चाकांवर वजन येऊ द्या आणि मग शेवटचा टॉर्क द्या.

शॉकअप चारही बदलले, मूळ दर्जाचे. एकच बदलून भागत नाही, निदान जोडीने बदलावे लागतात. मॅकफर्सनमध्ये शॉकअप हा नुसता डॅम्पर नसून चाकाला उभं धरणारा खांबही असतो. त्यामुळे त्याबरोबर वरचं माउंटिंग आणि बेअरिंगही बघून घ्यावं, नाहीतर स्टिअरिंग वळवताना टक्-टक् चालूच राहतं.

आता अँटी-रोल बारबद्दल, कारण सगळ्यांना जाड बार हवा असतो. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २० मिमीच्या जागी २२ घातला की जवळजवळ दीडपट. पण लक्षात घ्या, वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार जाणार हे वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांतलं अंतर आणि वळणाचा जोर यांवरच ठरतं. उदाहरणादाखल १००० किलोची गाडी, ५५ सेंमी उंची, १.४ मीटर अंतर आणि ०.५ जी धरा. सुमारे १९६ किलो भार बाहेर जाणारच, बार कितीही जाड घाला. बार फक्त ठरवतो की त्यातला किती वाटा पुढच्या टायरांनी उचलायचा आणि किती मागच्यांनी. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत मागे कडकपणा वाढवला की नाक चांगलं वळतं, हे खरं. पण फार वाढवला तर वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागचा भाग निसटतो. १९८४ च्या प्युजो २०५ जीटीआयची ख्याती जेवढी मजेसाठी, तेवढीच या सवयीसाठीही होती. मोकळ्या ट्रॅकवर ती मजा. ओल्या घाटात समोरून एसटी येत असताना नाही! पॅलिओच्या मागच्या टॉर्शन बीमला स्वतःलाच पीळ बसतो, म्हणजे तो मुळातच थोडासा अँटी-रोल बार आहे. आम्ही तिथे हात लावला नाही, पुढच्या बारच्या झिजलेल्या लिंक तेवढ्या बदलल्या.

टायरचं लवकर आटोपतो. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण बाजूच्या चार आकडी कोडमध्ये २३१४ लिहिलेलं, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. एवढं जुनं रबर ओल्या रस्त्यावर प्लॅस्टिकसारखं वागतं. मूळ मापाचेच नवे घातले. शेवटी अलाइनमेंट. मागचा बीम ॲडजस्ट होत नाही, पण मोजायचा जरूर, कारण आकडा बिघडलेला निघाला तर बीम वाकलाय किंवा त्याचे बुश गेलेत असं समजावं.

फरक मोजायला आम्ही मोकळ्या मैदानावर चुन्याने २० मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं आणि स्टिअरिंगवर कागदी टेप लावून अंशांच्या खुणा केल्या. त्याच वर्तुळावर वेग हळूहळू वाढवत जायचं आणि स्टिअरिंग किती जास्त वळवावं लागतं ते शेजारी बसणाऱ्याने लिहायचं. ताशी ३६ किमीला एक फेरी १२.६ सेकंदांची होते आणि आडवा जोर ०.५ जीच्या जरा वर जातो, तेव्हा यापुढे जाऊ नका. कामाआधी दर फेरीला खूण वेगळी येत होती, स्टिअरिंग सारखं सावरावं लागायचं. नंतर सलग चार फेऱ्या एकाच खुणेवर. मामींना मागच्या सीटवर घेऊन ताम्हिणी करायची आहे. मामा म्हणतात पावसाळ्यातच जाऊ, आणि त्याआधी मागच्या बीमचे बुश तेवढे बदलायचे राहिलेत.