चौकांचे नगर सॅव्हाना

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सॅव्हाना या नगरीत १९५५ साली एक जुने घर पाडण्याचे घाटत होते. आयझाया डेव्हनपोर्ट नामक गृहनिर्मात्याने ते १८२० च्या सुमारास स्वतःच्या कुटुंबासाठी बांधले होते. पुढे घराला उतरती कळा लागली आणि त्या सुबक वास्तूच्या भाडेकरूंसाठी खोल्या पडल्या. अंत्यसंस्काराची व्यवस्था करणाऱ्या जवळच्या एका पेढीसाठी तेथे वाहनतळ करावा, असा विचार चालला होता. तेव्हा गावातील सात स्त्रिया पुढे सरसावल्या. पत्रकार व चित्रकार ॲना हंटर त्यांच्यापैकीच एक. त्यांनी २२,५०० डॉलर उभे केले, घर विकत घेतले आणि पुरातन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. ते घर आज संग्रहालय म्हणून उभे आहे.

या स्त्रियांना एवढी निकड का वाटावी? कारण आदल्याच वर्षी गावाने एक धक्का सोसला होता. एलिस चौकातील जुना बाजार, जेथे पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला आणि मासळीची खरेदी-विक्री चाले, तो १९५४ साली जमीनदोस्त झाला आणि त्या जागी मोटारी ठेवण्याची बहुमजली इमारत आली. केवळ एक इमारत गेली असे नव्हे. नगररचनेच्या मुळावरच घाव पडला होता.

ही रचना समजून घेण्याजोगी आहे. १७३३ च्या फेब्रुवारीत जेम्स ओगलथॉर्प हा इंग्रज वसाहतकार नदीकाठच्या उंच कड्यावर उतरला. यामाक्रॉ जमातीचा नायक टोमोचिची याने त्याला तेथे वसण्यास संमती दिली. ओगलथॉर्पने नगराचा आराखडा चौकांच्या आधारे आखला. प्रत्येक वस्तीच्या मध्यभागी एक मोकळा चौक, त्याच्या उत्तरेस व दक्षिणेस मिळून घरांचे चाळीस भूखंड, आणि पूर्व-पश्चिमेस प्रार्थनामंदिरासारख्या सार्वजनिक वास्तूंसाठी चार जागा. गाव वाढले की नवी वस्ती याच नमुन्यावर जोडायची. १८५१ पर्यंत असे चोवीस चौक झाले. त्यांपैकी बावीस आज टिकून आहेत. ओकवृक्षांच्या सावलीतील या चौकांमुळे चार पावले चालताच पांथस्थाला विसावा मिळतो. १८६४ च्या डिसेंबरात उत्तरेचा सेनापती शर्मन सैन्यासह येथे पोहोचला, तेव्हा शहर लढाईवाचून शरण गेले आणि विध्वंसातून वाचले. शर्मनने तारेने ते राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना नाताळची भेट म्हणून अर्पण केले.

लढाईत जे वाचले, ते शांततेच्या काळात मात्र विटांच्या मोलाने जाऊ लागले. येथील जुनी घरे करड्या छटेच्या मोठ्या विटांची आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास या विटांना उपनगरांतील नव्या बंगल्यांसाठी एवढी मागणी आली की, उभ्या घरापेक्षा त्याच्या विटांचाच भाव चढा ठरे. यावर संस्थेने व्यवहारी तोड काढली. तिने एक फिरता निधी उभारला. धोक्यात आलेले घर निधीतून घ्यायचे, ते पाडणार नाही व त्याची डागडुजी करीन असे लिहून देणाऱ्यास विकायचे, आणि आलेल्या पैशातून पुढचे घर सोडवायचे. या मार्गाने शेकडो घरे वाचली. १९६६ साली शहराच्या जुन्या भागास राष्ट्रीय ऐतिहासिक दर्जाही लाभला.

पण या विटा भाजल्या कोणी, हा प्रश्न विचारल्यावाचून सॅव्हानाची कथा पुरी होत नाही. ओगलथॉर्पच्या वसाहतीत आरंभी गुलामगिरीला बंदी होती. १७५१ साली ती उठली. पुढे नदीकाठच्या भट्ट्यांवर गुलामांनी विटा घडविल्या. फ्रँकलिन चौकासमोरचे कृष्णवर्णीयांचे जुने चर्चही गुलाम सभासदांनी दिवसाचे कष्ट आटोपल्यावर रात्री उभारले, असे तेथील मंडळी सांगतात. आणि टोमोचिचीचे काय झाले? १७३९ साली त्याचे सन्मानाने चौकात दफन झाले. १८८३ साली मात्र त्या स्थळी एका रेल्वे-उद्योजकाचे स्मारक उभारण्यात आले. चूक उमगल्यावर १८९९ साली त्याच चौकाच्या एका कोपऱ्यात त्याच्या नावाची शिळा ठेवण्यात आली.

जतनाच्या कार्यातही सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाही. १९६३ साली महामार्गासाठी जुने रेल्वेस्थानक पाडले गेले आणि त्या परिसरातील कृष्णवर्णीयांचा गजबजलेला व्यापार विस्कटला. श्रीमंतांच्या हवेल्या सोडविणारे हात तेथवर पोहोचले नव्हते. घरे दुरुस्त झाली की भाडी चढतात आणि गरीब रहिवासी बाहेर पडतात, हेही दिसून आले. म्हणून १९७४ पासून व्हिक्टोरियन वस्तीत अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी जुनी घरे दुरुस्त करण्याचा निराळा प्रयत्न सुरू झाला. घराबरोबर घरातील माणसेही राखली पाहिजेत, ही जाण त्यामागे होती.

एलिस चौकाची गोष्ट मात्र सुखान्त ठरली. वाहनतळाचा पन्नास वर्षांचा करार संपला, इमारत हटविण्यात आली, मोटारी जमिनीखाली गेल्या आणि २०१० साली चौक पुन्हा लोकांसाठी खुला झाला. बाजार मात्र परत आला नाही. पाडलेले पुन्हा उभारता येते, पण त्यासाठी अर्धे शतक लागते आणि तरीही गेलेले सर्व हाती येत नाही. सात स्त्रियांनी २२,५०० डॉलरमध्ये जे साधले, त्याचे मोल या दुसऱ्या हिशेबाशी ताडून पाहिले म्हणजे कळते. आपापल्या गावातील एखादे जुने दार कायमचे बंद होताना पाहिले, तर वाचकांनीही हा हिशेब आठवावा.