विश्लेषण : कबड्डीत ‘आऊट’ नेमका ठरतो कसा? कॅमेरा नसलेल्या मैदानावर पंच काय पाहतात?

चढाईपटू मध्यरेषेजवळ आडवा पडला आहे. अंगावर चार जण आहेत. हात रेषेच्या पलीकडे पोहोचला की नाही, यावरून दोन्ही संघ ओरडत आहेत. लोधिवली, चौक किंवा कर्जतकडच्या एखाद्या गावात रात्री दिव्यांच्या उजेडात सामने सुरू असले की हे दृश्य हमखास दिसते. प्रो कबड्डी पाहणारी पोरे लगेच रिव्ह्यूची खूण करतात. पण मातीच्या मैदानावर रिव्ह्यू घ्यायला कॅमेराच नसतो. मग काही सेकंदांत पंच निर्णय देतात तो कशावरून?

एकट्याने सगळे पाहायचे नसते

नियमानुसार सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक असतात. दोन्ही पंच मैदानाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहतात. एकाच्या नजरेला खेळाडूची पाठ आली, तर दुसऱ्याला त्याची पुढची बाजू दिसते. सहाय्यक गुणलेखक अंतिम रेषेपाशी असतात आणि बाद झालेले खेळाडू कोणत्या क्रमाने बसले, याची नोंद ठेवतात. हे काम किरकोळ वाटते, पण खेळाडू ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने परत येतात. नोंद चुकली तर भलताच खेळाडू मैदानात उतरतो.

साधारणपणे पंचांचा निर्णय अंतिम असतो. दोन पंचांचे एकमत झाले नाही किंवा प्रसंगच तसा असेल, तर सरपंच निर्णय देतात.

‘लागला का?’ नव्हे, ‘आधी काय झाले?’

प्रेक्षक स्पर्श शोधत असतात. पंचांना मात्र घटनांचा क्रम लक्षात ठेवावा लागतो. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. त्यात दोन्ही कडांना एक-एक मीटरची लॉबी, म्हणजे राखीव क्षेत्र असते. स्पर्श होईपर्यंत लॉबी खेळाबाहेर असते. स्पर्श झाला की ती खेळात येते.

आता समजा, चढाईपटूने कोपरारक्षकाला हात लावला आणि मग त्याचा पाय लॉबीत गेला. तो सुरक्षित परतला तर त्याच्या संघाला गुण. पाय आधी गेला आणि हात नंतर लागला, तर तोच बाद. हालचाली त्याच दोन, पण क्रम बदलला की गुण समोरच्या संघाकडे जातो. हा फरक अर्ध्या सेकंदाचाही नसतो.

बोनसचेही तसेच. समोर किमान सहा बचावपटू असताना पुढचा पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकायला हवा आणि त्या वेळी मागचा पाय हवेत हवा. गर्दी पुढचा पाय बघते, तर पंचाचे लक्ष मागच्या पायावरही असते. निम्मी भांडणे इथेच सुरू होत असावीत. शिवाय ३० सेकंदांच्या चढाईत ‘कबड्डी, कबड्डी’चा दम तुटला का, हे कानानेच ओळखायचे असते. लाउडस्पीकरवर समालोचन सुरू असताना हे किती अवघड जाते, ते मैदानाजवळ उभे राहिल्यावरच कळते.

कॅमेरे होते, तरी खेळ थांबला

तंत्रज्ञान आले की वाद संपतात, हा समज हांगझोमध्ये खोटा ठरला. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी आशियाई क्रीडा स्पर्धेत भारत आणि इराण यांच्यात पुरुषांचा अंतिम सामना होता. अहमदनगरचा अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे भारतीय संघात होते. शेवटची जेमतेम मिनिटभराची वेळ उरली असताना गुण होते २८-२८. कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणालाही स्पर्श न करता लॉबीत गेला. त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही लॉबीत शिरले.

पवनला बाद धरण्याबाबत फारसा प्रश्न नव्हता. त्याच्या मागे गेलेल्यांचे काय करायचे, हा खरा प्रश्न होता. जुन्या नियमानुसार तेही बाद होतात. प्रो कबड्डीत आलेल्या नव्या नियमानुसार चढाईपटू लॉबीत गेला की चढाई तिथेच संपते आणि फक्त तोच बाद होतो. पडद्यावर पाय स्पष्ट दिसत होते, तरी नियम कोणता लावायचा यावर एकमत होईना. निर्णय फिरत राहिले, खेळाडू मैदानातच बसून राहिले आणि सामना जवळपास तासभर थांबला. अखेर भारताला तीन आणि इराणला एक गुण देण्यात आला. भारताने सामना ३३-२९ असा जिंकला.

गावात काय करता येते?

लॉबीचा नियम जुना की नवा, हे नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांना सांगता येते. त्याला खर्च शून्य. पंचांच्या हातात कार्डेही असतात. हिरवे म्हणजे ताकीद, पिवळे मिळाले की दोन मिनिटे बाहेर आणि लाल मिळाले की सामन्यातून बाहेर.

मात्र ही कार्डे खेळाडूंसाठी आहेत. रेषेला चिकटून उभ्या असलेल्या प्रेक्षकांसाठी कोणतेच कार्ड नाही. शेवटच्या चढाईवर यजमान गावाचा संघ एका गुणाने हरला, तरी पंचांना त्याच गर्दीतून गाडीपर्यंत जायचे असते.