माम्पुहानच्या बायांनी शिवलेली साक्ष

बोगोटा, कोलंबिया

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यामागे मोन्तेस दे मारिया नावाची बुटक्या डोंगरांची रांग आहे. ज्याचा आपण साबुदाणा करतो तो कसावा, शिवाय कोनफळ, मका आणि केळी पिकवणारी इथली शेतकरी कुटुंबं बरीचशी आफ्रिकी वंशाची. गेल्या शतकाच्या अखेरीस या रांगेवर सगळ्यांचाच डोळा होता. डाव्या गनिमांना लपायला जागा हवी होती, कोकेनवाल्यांना समुद्राकडे जाणारी वाट हवी होती आणि जमीनदारांना जमीन. गनिमांचा बीमोड करण्याच्या नावाखाली उभ्या राहिलेल्या उजव्या निमलष्करी टोळ्यांनी तर शेतकऱ्यांनाच शत्रू ठरवलं. फेब्रुवारी २००० मध्ये एल सालादो गावात त्यांनी दिवसचे दिवस कत्तल केली.

पुढच्याच महिन्यात, १० मार्चच्या संध्याकाळी, या टोळ्या याच रांगेतल्या माम्पुहान गावी आल्या. गावकऱ्यांना चौकात गोळा करून ‘एल सालादोसारखीच तुमचीही गत करू’ असं धमकावण्यात आलं. शेवटी जीव वाचले, पण सकाळच्या आत गाव सोडण्याचा हुकूम झाला. सुमारे अडीचशे कुटुंबं नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी जवळच्या लास ब्रिसास वाडीत डझनभर शेतकऱ्यांना मारण्यात आलं. माम्पुहान ओस पडलं. माणसं मारिया ला बाहा या तालुक्याच्या गावी आश्रयाला गेली आणि पुढे त्याच परिसरात त्यांनी नवी वस्ती उभारली.

काही वर्षांनी त्या वस्तीत तेरेसा गाइझर ही मेनोनाइट पंथाची अमेरिकन कार्यकर्ती आली. मनावरचे आघात हलके करण्यासाठी तिने बायांना कापडावर कापड शिवण्याची कला शिकवली. आपल्या गोधडीच्या जवळची ही कला. आधी चौकोन, त्रिकोण, ठरावीक नक्ष्या झाल्या. पण हात नक्षीत गुंतले तरी मन त्या रात्रीपाशीच अडलेलं होतं. मग त्यांनी ती रात्रच कापडावर घ्यायचं ठरवलं.

हे काम कसं होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. पायाला एक मोठं कापड. त्यावर हिरव्या तुकड्यांचे डोंगर, तपकिरी चिंध्यांची घरं. माणसं बोटभर उंचीची. गडद कापडाचा चेहरा, त्यावर दोऱ्याने डोळे, अंगात फुलाफुलांच्या चिटाचा झगा. प्रत्येक तुकड्याची कड आत दुमडायची, टाचणीने जागच्या जागी धरायची आणि बारीक टाके घालत फिरायचं. डोक्यावर बोचकं घेतलेली बाई शिवायची तर आधी ते बोचकं कापावं लागतं, आणि ते कापताना त्यात काय काय घेतलं होतं, काय मागे राहिलं, हे आठवतंच. बंदूकवालाही शिवावा लागतो. त्याच्या गणवेशाचं कापडही कुणीतरी निवडून कापतंच.

मला वाटतं, या शिवणकामाची खरी ताकद इथे आहे. एकच चित्र अनेकींनी मिळून शिवायचं असेल तर घटना कशी घडली यावर एकमत व्हावं लागतं. चौकात कोण कुठे उभं होतं? कुठल्या वाटेने माणसं नेली? कुणाचं घर आंब्याच्या अलीकडे, कुणाचं पलीकडे? प्रत्येकीकडे त्या रात्रीचा एकेक तुकडा होता. तो बोलून दाखवल्याशिवाय पुढचा टाका पडत नव्हता. घरात नवऱ्यापाशीही जे ओठांवर आलं नव्हतं ते अशा बैठकीत बाहेर पडलं. ‘माम्पुहान, आक्रोशाचा दिवस’ हा पट त्यातून तयार झाला.

त्या तिथेच थांबल्या नाहीत. आपल्याच वाट्याला हे का आलं, हा प्रश्न त्यांना मागे मागे घेऊन गेला. पुढच्या पटांवर आफ्रिकेतून माणसं भरून आणणारी गलबतं आली, कार्ताहेनाचा गुलामबाजार आला, पळून गेलेल्या गुलामांनी जंगलात वसवलेली स्वतंत्र गावं आली. त्यांपैकी सान बासिलिओ दे पालेंके हे गाव याच मुलखात आजही नांदतं आहे. शाळेच्या पुस्तकात चार ओळींत आटोपणारा इतिहास या बायांनी आपला म्हणून पुन्हा मांडला.

दरम्यान देशात कायद्याचं चाकही फिरत होतं. २००५ च्या ‘न्याय आणि शांतता’ कायद्याने शस्त्रं खाली ठेवून गुन्हे कबूल करणाऱ्या निमलष्करी म्होरक्यांना जास्तीत जास्त आठ वर्षांच्या शिक्षेची सवलत दिली. या कायद्याखालचा पहिला महत्त्वाचा निकाल २०१० साली लागला, तो माम्पुहान आणि लास ब्रिसासच्याच प्रकरणात. गावकऱ्यांनी त्या म्होरक्यांना जाहीर क्षमा केली. क्षमा केली, पण हक्क सोडला नाही. भरपाई लांबत गेली तेव्हा त्यांनी कार्ताहेनाकडे पायी मोर्चा काढला. २०१२ मध्ये जमिनी परत देण्याच्या नव्या कायद्याखालचा पहिला निवाडाही माम्पुहानच्या बाजूने झाला. शिवणाऱ्या बायांपैकी हुआना अलिसिया रुईस आणि त्यांच्या सोबतिणींना २०१५ चा राष्ट्रीय शांतता पुरस्कार मिळाला आणि त्यांचं शिवणकाम बोगोटाच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचलं.

कोलंबियात अशी शिवणमंडळं बरीच आहेत. आंतिओकिया प्रांतातल्या सोन्सोनमध्ये २००९ पासून बाया एकत्र बसून शिवतात. प्रशांत महासागराकडच्या बोहायात २००२ साली गनिमांनी डागलेला गॅस सिलिंडरचा गोळा चर्चवर पडला आणि आत आसऱ्याला आलेली माणसं, त्यांत कितीतरी मुलं, गेली. तिथल्या बायांनी मृतांची नावं एका मोठ्या कापडावर भरली. बोगोटातल्या मंडळात सोआचा शहरातल्या आयाही येतात. लष्कराने त्यांच्या मुलांना मारून ‘चकमकीत ठार झालेले गनीम’ म्हणून दाखवलं होतं. २००२ ते २००८ या काळात असे किमान ६,४०२ बळी गेल्याचं इथल्या विशेष शांतता न्यायालयाने म्हटलं आहे. निमलष्करी, गनीम, लष्कर: मारणारे वेगवेगळे होते, पण या मंडळांमध्ये एकीच्या दुःखाला दुसरीच्या दुःखाहून खालचं मानत नाहीत. राजकारणाला आजही न जमलेली गोष्ट त्यांनी करून दाखवली आहे.

कारण देश अजून दुभंगलेलाच आहे. २०१६ मध्ये सरकार आणि गनिमांमधल्या शांतता करारावर कार्ताहेनात सह्या झाल्या आणि आठवड्याभरात सार्वमताने तो निसटत्या फरकाने फेटाळला. ज्या बोहायाने एवढं सोसलं, तिथून मात्र कराराला भरभरून मतं पडली. पुढे सुधारित करार अमलात आला. तरी नव्या टोळ्या आल्या, गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या हत्या थांबलेल्या नाहीत, आणि जिथे शेतकरी कुटुंबं कसावा-मका पिकवत त्या मारिया ला बाहाच्या शिवारात तेलताडाचे मळे पसरले आहेत.

म्हणून शिवणकामाचं नुसतं कौतुक करून भागणार नाही. पट संग्रहालयात लावणं सरकारला सोपं आहे; रस्ता, पाणी, दवाखाना आणि सातबारा देणं अवघड. माम्पुहानच्या बायांनी या दोन्ही गोष्टी एकाच दमात मागितल्या आहेत. झालेलं विसरा, म्हणजे शांतता येईल, असा सल्ला जगभर पीडितांना दिला जातो. या बायांचा अनुभव नेमका उलटा आहे. जे झालं ते त्यांनी सगळ्यांसमोर, सगळ्यांच्या संमतीने मांडलं, तेव्हाच त्यांना क्षमा करता आली आणि हक्कासाठी भांडताही आलं. कोलंबियाला टिकाऊ शांतता हवी असेल तर तिची सुरुवात या बायांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेण्यापासून आणि त्यांचं देणं चुकतं करण्यापासून व्हायला हवी.