अंगावरून वारं जातं तेव्हा मेंदूत काय होतं?



बेणे, पाण्याच्या पाळ्या, खोडकिडा हे आपले नेहमीचे विषय. आज जरा निराळा विषय घेत आहोत. पण तोही आपल्या घरातलाच आहे.

आमच्या माहितीतले एक वयस्क सभासद सकाळी मोटार चालू करायला विहिरीवर गेले आणि बांधावरच मटकन बसले. उजवा हात लोंबू लागला, तोंड वाकडे झाले, बोलायला जावे तर शब्द फुटेना. पाय मात्र बराच शाबूत. दोघांनी धरल्यावर घरापर्यंत चालत आले. कोणी म्हणाले वारं गेलं, कोणी म्हणाले बाहेरचं आहे. "दोन दिवस पाहू, उतरंल आपोआप." तेल चोळण्यात दिवस गेला आणि दवाखाना गाठला तो दुसऱ्या दिवशी.

पुढे त्यांच्या मुलाने आम्हांला विचारले, "हात, तोंड अन् वाचा हे तीनच बरोबर कसे गेले? पाय कसा काय वाचला?" प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचे उत्तर मेंदूच्या सालीत आहे.

होय, सालीतच. मोठ्या मेंदूवर करड्या रंगाचा एक पातळ थर असतो. डॉक्टर त्याला कॉर्टेक्स म्हणतात. त्या लॅटिन शब्दाचा अर्थही झाडाची साल असाच आहे. जाडी सरासरी अडीच मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षाही कमी. उलगडून पसरली तर मोठ्या हातरुमालाएवढी होईल. पण कवटीत मावावी म्हणून तिच्या घड्या पडलेल्या असतात आणि जवळजवळ दोन तृतीयांश भाग त्या घड्यांतच दडलेला असतो. एवढ्याशा जागेत सुमारे १,६०० कोटी चेतापेशी, बहुतेक ठिकाणी सहा थरांत रचलेल्या.

या सालीचे शिवारासारखे गट पडलेले आहेत. डोक्याच्या मागच्या बाजूला दृष्टीचा गट, कानशिलाआड ऐकण्याचा, माथ्याकडे स्पर्शाचा. कपाळामागे पुढचा विचार करणारा, मनाला आवर घालणारा भाग. मात्र इथे कोणताच गट एकटा पिकत नाही. सालीखालून पांढऱ्या तंतूंचे जाळे सगळ्यांना जोडते. यंदा खोडवा ठेवावा की मोडावा हे ठरवताना मागच्या सालची आठवण, हिशेब आणि मनाचा संयम हे सारे एकदम कामाला लागतात. विचार म्हणतात तो असा अनेक गटांचा मिळून असतो.

आपल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हालचालीच्या पट्टीत सापडते. ही पट्टी माथ्यावरून कानाकडे उतरते. कॅनडातील माँट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड रुग्ण जागा असताना, फक्त जागा बधिर करून, मेंदूवर शस्त्रक्रिया करीत. सालीला विजेचा हलका स्पर्श केला की कुठे बोट हले, कुठे ओठ. असे करून त्यांनी १९३७ साली या पट्टीचा नकाशा प्रसिद्ध केला. (त्यांच्याकडेच शिकलेले डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली वेल्लोरला आपल्या देशातील मेंदूशल्यचिकित्सेची सुरुवात केली.) या नकाशातली वाटणी मोठी गमतीची आहे. एवढ्या रुंद पाठीला बांधाएवढी जागा, आणि बोटे, ओठ, जीभ यांना सगळी ओलिताची जमीन!

पायाची जागा अगदी वर, दोन अर्ध्यांमधल्या फटीत. त्याखाली हात, मग तोंड, मग जीभ. डाव्या अर्ध्यात जिभेच्या जागेला लागूनच बोलण्याचा भाग, बहुतेक माणसांत तरी. हात, तोंड आणि वाचा यांना एकाच मोठ्या रक्तवाहिनीचे पाणी. पायाला निराळी चारी. आमच्या सभासदाच्या डाव्या मेंदूतला मोठा पाट गुठळीने तुंबला. मेंदूचा डावा अर्धा शरीराची उजवी बाजू चालवतो, म्हणून उजवा हात गेला.

वाचेचा हा भाग १८६१ साली पॅरिसचे डॉ. पॉल ब्रोका यांनी दाखवून दिला. त्यांच्या रुग्णाला "तां" एवढेच बोलता येई, पण त्याला समजत पुष्कळ होते. उजवा हातही लुळा पडला होता. तो वारल्यावर मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला पुढे बिघाड. १८७४ साली जर्मनीच्या कार्ल वेर्निके यांनी जरा मागचा दुसरा भाग सांगितला. तो बिघडला तर माणूस भराभरा बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे कळतही नाही. याला झपाटलं म्हणून भगताकडे नेणारे आम्ही पाहिले आहेत.

पहिल्या प्रकारच्या माणसाची हालत फार वाईट. "म्हाताऱ्याचं डोकं गेलं" असे त्याच्या देखत बोलतात, शेअरच्या वारसनोंदीवर त्याला न विचारता अंगठा उठवतात, आणि त्याला सगळे कळत असते. हो-नाही मानेने विचारा. वाट पाहा.

आता वेळेचे. पाट तुंबला की मधली साल काही मिनिटांत वाळते, पण कडेच्या भागाला पाझर मिळत राहतो. तो काही तास तग धरतो. मोठी वाहिनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि तेही सिटी स्कॅन करून. कारण कधी वाहिनी तुंबलेली नसते, फुटलेली असते. तेव्हा हेच औषध घातक. म्हणून मनाने कोणतीही गोळी देऊ नये, तोंडात पाणीही घालू नये. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, यांपैकी एक दिसले तरी १०८ ला फोन करावा, स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे आणि लक्षण किती वाजता दिसले ते सांगावे.

हा शहरी रोग नव्हे. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीच्या ८६ गावांत 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात मृत्यूंची कारणे तपासली. दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताचा होता. तेच पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. रक्तदाब तपासून घ्यायला पैसेही फारसे लागत नाहीत.

आमचे सभासद आता काठी न घेता चालतात. शेजारचे गट मेलेल्या गटाचे काही काम उचलतात, पण सराव रोज लागतो. बोलणे अजून दोन-चार शब्दांचेच. परवा मात्र घरी गजानन महाराजांची आरती चालू होती, आणि ते टाळीच्या ठेक्यावर शब्द न् शब्द म्हणू लागले. घरचे रडले. गाण्याच्या चालीत उजवा मेंदूही भाग घेतो, आणि पाठ झालेले शब्द असे कधी कधी शाबूत राहतात. आता त्यांची सून "पाणी दे", "चहा दे" हे त्यांच्याकडून चालीवर म्हणवून घेते.