काचेची वीट

हॉलंडात इमारतीचा दगड दुर्मिळ, नद्यांनी आणून टाकलेली चिकणमाती मात्र विपुल. म्हणूनच तेथील नगरे शतकानुशतके भाजलेल्या विटांनी उभारली गेली. ॲमस्टरडॅममधील पी. सी. होफ्टस्ट्राट हा रस्ताही अशाच विटांच्या घरांचा. पुढे या घरांची दुकाने झाली. दुकानदारास दर्शनी मोठी काच हवी; पण ती बसली की रस्त्याचे जुने रूप लोपते. या पेचावर रॉटरडॅमच्या एम्‌व्हीआर्‌डीव्ही या वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेने मोठा चमत्कारिक तोडगा काढला. २०१६ साली पुऱ्या झालेल्या इमारतीत तिने जुन्या भिंतीच्या रूपाबरहुकूम, खिडक्यांच्या चौकटींसह, काचेच्या विटांची भिंत रचली. वर जाता जाता या विटा मातीच्या विटांत मिसळून जातात.

काचेच्या या विटा पोकळ नव्हेत, भरीव आहेत. व्हेनिसनजीक त्या ओतल्या गेल्या. वितळलेली काच झटपट निवाली तर आत ताण राहून ती तडकते. म्हणून ती तासन्‌तास सावकाश निववावी लागते. सांध्यांत चुना वा सिमेंट घालावे, तर पारदर्शकता गेलीच! तेव्हा डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांच्या साहाय्याने अतिनील किरणांनी घट्ट होणारा पारदर्शक चिकट पदार्थ योजण्यात आला. त्याचा थर मिलिमीटरच्या सुमारे चतुर्थांशाएवढाच. मातीच्या विटांतील उणेअधिक गवंडी चुन्यात जिरवितो. येथे ती सोय नाही. म्हणून प्रत्येक वीट तंतोतंत मापाची करावी लागली. पहिला थर समपातळीत आहे की नाही, हे ताडण्यासाठी परावर्तक पृष्ठ म्हणून वापरले ते मात्र साधे दूध! सदोष ठरलेली वीट पुन्हा वितळवून नव्याने ओतता येते. भाजलेल्या मातीला ते साधत नाही.